तटाचा काळ आणि थरांची साक्ष : शिरगावच्या कोटाच्या निमित्ताने

पालघरजवळील शिरगावचा समुद्रकाठचा दगडी कोट वसईच्या मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. परंतु तटाचा कोणता भाग या सत्तांतरापूर्वीचा व कोणता नंतरचा, हे या तारखेवरून ठरत नाही. घडणीवरून तर्क करता येतो. तथापि जुने दगड नव्या कामात वापरले जात असल्यामुळे तो निर्णायक नसतो. भरवशाचा पुरावा तटाच्या पायाशी असलेल्या थरांतच शोधावा लागतो.

त्यासाठी तटाच्या रेषेशी काटकोनात चर खणतात. चराच्या उभ्या छेदात थरांचे तीन प्रकार ओळखता येतात : तटाखाली दबलेले, पाया घालताना कापले गेलेले आणि तट उभा राहिल्यावर त्याला टेकून साचलेले. पहिले दोन तटापूर्वीचे, तिसरे नंतरचे होत. पायाच्या मूळ भरावात १७३९ नंतर पाडलेले नाणे मिळाल्यास तो भाग पोर्तुगीज अमलातील नव्हे, हे सिद्ध होते. उलट, तेथे केवळ जुनी नाणी मिळाली, तर त्यावरून बांधकाम जुने ठरत नाही. कारण जुनी वस्तू नव्या भरावात सहज येते. तटाला टेकलेला पहिला थर केव्हा साचला हे कळले, तरच काळाची दुसरी मर्यादा हाती येते.

सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पा येथील तट असा छेदला, तेव्हा त्याखाली निराळ्या धाटणीची खापरे आढळली. तटापूर्वीच्या वस्तीचा तो पुरावा ठरला. ओडिशातील शिशुपालगड येथे ब्रजबासी लाल यांच्या १९४८ च्या उत्खननात आधी मातीचा तट, त्यावर जांभ्याच्या मुरमाचा थर व पुढे विटांच्या भिंती, असा क्रम दिसून आला. बाहेरून एकसंध भासणारा तट अनेक काळांचे काम असू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

भिंत मोकळी करण्याच्या हेतूने तिच्या कडेने खणत गेल्यास भिंत व थर यांचा संबंधच तुटतो. शिरगावसारख्या कोटाची डागडुजी करताना नेमका हाच धोका असतो. पायथ्याची माती हलविण्यापूर्वी निदान एक छेद काळजीपूर्वक घेऊन त्याचे मोजमापासह आरेखन केले पाहिजे. ढासळलेला चिरा पुन्हा बसविता येतो. उपसलेला थर पूर्ववत करता येत नाही.