हिवाळ्यातील काशीयात्रा : काही दक्षता

काशी आणि महाराष्ट्र यांचे नाते फार जुने आहे. संत एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. सध्याचे विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाई होळकर यांनी बांधविले. आजही महाराष्ट्रातून असंख्य यात्रेकरू वाराणसीला जातात. त्यांपैकी अनेक जण वयोवृद्ध असतात. आयुष्यभर मनात जपलेली इच्छा ते या यात्रेने पूर्ण करतात. सुटीच्या सोयीमुळे पुष्कळ कुटुंबे डिसेंबर व जानेवारी हे महिने निवडतात. नेमक्या याच काळात तेथे थंडी व धुके यांचा जोर असतो. म्हणून निघण्यापूर्वी तेथील हवामान समजून घेणे हिताचे ठरते.

थंडीचे स्वरूप

महाराष्ट्रात पहाटे गारठा असला, तरी दुपारी बहुधा ऊन पडते. वाराणसीत मात्र कधी कधी दोन-तीन दिवस सूर्यदर्शनच होत नाही. रात्री आकाश निरभ्र व वारा शांत असला, की जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिच्यालगतची दमट हवा थंड होते आणि बाष्पाचे सूक्ष्म जलकण बनून धुके पसरते. हा थर दाट असला, तर सूर्यकिरण जमिनीपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. त्यामुळे दुपारही थंडच राहते. पहाटेचे तापमान काही वेळा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. म्हणूनच केवळ सकाळपुरता स्वेटर पुरत नाही; दिवसभराची तयारी ठेवावी लागते.

प्रवासाची आखणी

समोरचे १००० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले, की त्या स्थितीला हवामानशास्त्रात धुके म्हणतात. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली, तर ते दाट धुके होय. अशा वेळी चालकाला सिग्नल दुरून दिसत नाही; म्हणून रेल्वेगाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो. गाड्यांना कित्येक तासांचा विलंब होतो आणि काही गाड्या रद्दही होतात. विमानांनाही हीच अडचण येते.

यास्तव परतीच्या प्रवासात एक दिवस हाताशी राखून ठेवावा. घरी पोहोचण्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा, लग्न वा कचेरीचे महत्त्वाचे काम ठेवू नये. स्थानकाकडे निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर गाडीची चौकशी करावी. गाडी सुटण्यास तीन तासांहून अधिक विलंब होणार असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी रीतसर मागणी केल्यास भाड्याचा पूर्ण परतावा मिळू शकतो. औषधे, पाणी, कोरडा खाऊ आणि एक पांघरूण मोठ्या सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावे.

कपडे कसे असावेत?

एकच जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन कपडे एकावर एक घालणे अधिक उपयुक्त असते. कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कान, डोके, हात व पाय झाकलेले असावेत. मंदिरांत पादत्राणे काढावी लागतात आणि फरशी बर्फासारखी गार असते; म्हणून पायमोज्यांचे जादा जोड जवळ असावेत. ओले झालेले मोजे ताबडतोब बदलावेत.

गंगास्नान करताना

ओले शरीर कोरड्या शरीरापेक्षा कितीतरी लवकर उष्णता गमावते. थंड पाण्यात एकदम बुडी मारल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. वृद्धांनी, तसेच हृदयविकार, दमा वा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पहाटेचा आग्रह सोडून ऊन पडल्यावर स्नान करावे किंवा हातपाय धुऊन अंगावर जल शिंपडावे. त्यामुळे श्रद्धेला उणेपणा येत नाही. घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात. वृद्धांसोबत कोणीतरी असावेच. स्नानानंतर लगेच अंग कोरडे करून गरम कपडे घालावेत. दाट धुक्यात नौकाविहार टाळावा आणि एरवीही जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय नावेत बसू नये.

निवासातील धोका

खोली ऊबदार राहावी म्हणून काही जण दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवतात. ही चूक प्राणघातक ठरू शकते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. त्यामुळे झोपलेल्या माणसाला धोक्याची जाणीवच होत नाही. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये. त्याऐवजी जादा रजया मागून घ्याव्यात. मद्याने ऊब येते हाही गैरसमज आहे. उलट त्यामुळे शरीरातील उष्णता अधिक वेगाने कमी होते.

सोबतच्या व्यक्तीला सतत हुडहुडी भरत असेल, तिचे बोलणे अडखळत असेल किंवा तिला गुंगी येत असेल, तर तिला उबेत न्यावे, ओले कपडे बदलावेत आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

थंडीच्या दिवसांत काशीचे वेगळे रूपही पाहावयास मिळते. मातीच्या कुल्हडातील वाफाळता चहा आणि दुधाच्या फेसापासून बनणारी मलइयो ही तेथील हिवाळ्याची खास भेट होय. पुरेशी तयारी असेल, तर या ऋतूतील यात्रा त्रासदायक न ठरता सुखाची होते आणि घरातील वडीलधारी माणसे सुखरूप परत येतात.