मुळी खरी, पण मात्रा?

बीपीची गोळी सुरू झाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आयुर्वेदात काही नाही का?’ आहे, आणि चांगलं जालीम आहे. जयपूरच्या आमेर रस्त्यावर १९७६पासून राष्ट्रीय आयुर्वेद संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्याला द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचा विषय, शिकताना सर्पगंधा ही मुळी भेटतेच.

या मुळीने बीपी उतरतं, हे १९३१ साली कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन रितं करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, नाकही चोंदतं. हेच मेंदूतही घडतं, म्हणून मात्रा वाढली की सुस्ती आणि उदासी येते. गोळीत मिलिग्रॅम ठरलेले असतात. बाजारातल्या चूर्णात रेसर्पिन किती, ते चिमटीला कळत नाही. झाडपाल्याचं म्हणून निरुपद्रवी, हा समज इथेच कोसळतो. खोकल्यासाठी चघळलेलं ज्येष्ठमधसुद्धा रोज जास्त खाल्लं तर बीपी चढवतं.

लसणाच्या कॅप्सूलने बीपी थोडं उतरतं, पण गोळीची जागा ती घेऊ शकत नाही. खरा फरक ताटात पडतो. जयपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर सांभर हे मिठाचं सरोवर आहे. मीठ तिथलं असो वा महागडं सैंधव, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत मीठ सांगते. पापड, लोणचं, कचोरी, फरसाण त्यातच धरायचं. भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर देणाऱ्या ‘डॅश’ आहाराने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचं वरचं बीपी सरासरी अकरा अंकांनी उतरल्याचं १९९७ साली अमेरिकेत दिसलं. चीनच्या ६०० खेड्यांतल्या चाचणीत मिठाचा काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा ठेवला, तर पक्षाघात घटल्याचं २०२१ साली नोंदलं गेलं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल, तर हे मीठ धोक्याचं.

तेव्हा काढा, चूर्ण, कॅप्सूल जे काही घेता ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका; बहुतेक वेळा ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.