रोजा लेखणीचाही

रोजा फक्त पोटाचा नसतो. जिभेचा असतो, लेखणीचाही असतो. यावरून फ्रान्सच्या लिमोज शहरातली गोष्ट आठवते. तिथले संत मार्शल तिसऱ्या शतकातले बिशप. पण अदेमार या साधूने त्यांना हजरत ईसा, म्हणजे येशू ख्रिस्तांचे थेट शिष्य ठरवले. ऑगस्ट १०२९ मध्ये त्याच मानाने त्यांची उपासना सुरू झाली. तेव्हा इटलीहून फिरत आलेल्या बेनेडिक्ट या विद्वान साधूने चारचौघांत हरकत घेतली. अदेमार वादात हरला. मग त्याने बनावट पत्रे आणि सभांचे खोटे वृत्तांत लिहून ठेवले. १०३४ मध्ये तो जेरुसलेमच्या यात्रेत वारला. लबाडी विसाव्या शतकात उघडी पडली. आपल्या पीर-संतांच्या कथा सांगताना एवढे जपू या. श्रद्धेला खोट्याचा टेकू लागत नाही.