म्हातारपणी खर्रा सोडला की माणूस जातो?

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पानठेल्यांवर हा सल्ला फुकट मिळतो: पोरांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडावा, पण चाळीस वर्षं खाल्लेल्या म्हाताऱ्याने नाही. त्याच्या मेंदूला आता तो लागतोच, बंद केला तर खाट धरेल. पुराव्याला कुणाचा तरी आजा असतो, ज्याने सोडला आणि चार महिन्यांत गेला. पण पुष्कळ माणसं खर्रा सोडतात तीच मुळी तोंड उघडेनासं झालं, गालातली जखम भरेना किंवा छातीत कळ आली म्हणून. आजार आधीचा, सोडणं नंतरचं, आणि खापर मात्र सोडण्यावर!

‘मेंदूला लागतो’ ही मात्र निव्वळ थाप नाही. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहींना चिकटतं, त्यांची संख्या रोजच्या माऱ्याने वाढते. खर्रा सुटला की ते उपाशी राहतात. मग चिडचिड, झोपमोड, डोकेदुखी. सकाळी पोटही साफ होत नाही, कारण आतड्यांना निकोटिनचीच चालना होती. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट, पुढे तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. सहा ते बारा आठवड्यांत त्यांच्या ग्राहींची संख्या कधीच न ओढणाऱ्यांइतकी झाली होती. ते ओढणारे, आपण चघळणारे, असं कुणी म्हणेल. धूर वेगळा, पण मेंदूत पोचणारं निकोटिन तेच. आणि वयाचं म्हणाल तर ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत साठीला सिगारेट सोडणाऱ्यांनीही सरासरी तीन वर्षांचं आयुष्य कमावलं.

सोडल्याने जीव जाण्याची भीती रास्त आहे ती दारूबाबत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर हवाच. अफूवर्गीय औषधांचा धोका आणखी निराळा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरते, आणि मग जुन्याच मापाचा डोस श्वास थांबवू शकतो. दारूचा आणि अफूचा धाक खर्ऱ्याला चिकटवून म्हाताऱ्यांना घाबरवायचं कशाला?

पानठेल्यावरचे आणखी काही समज. ‘बिनतंबाखूची सुपारी चालते’: नाही, नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय. ‘खर्ऱ्याने डोकं चालतं’: तलफेने अडलेलं डोकं तेवढ्यापुरतं मोकळं होतं, इतकंच. ‘सोडायला मदत कशाला, मनावर घ्या’: घ्या की, आणि १८००-११२-३५६ हा फुकटचा सरकारी नंबरही फिरवा. गडचिरोलीत तर ‘सर्च’ या संस्थेचं मुक्तिपथ हे व्यसनमुक्तीचं अभियान २०१६ पासून आहे.