कळलावी बागेत लावताय? फुलापेक्षा तिच्या कंदाकडे जास्त लक्ष ठेवा

पावसाळा सुरू झाला की कोकणात आणि सह्याद्रीच्या परिसरात कुंपणावर एक वेल पेटल्यासारखी दिसते. नागमोडी कडांच्या, मागे वळलेल्या पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या असतात, मग केशरी आणि शेवटी लालभडक होतात. कुणी तिला अग्निशिखा म्हणतं, कुणी वाघनखी, तर कुणी कळलावी. कोकणात काही ठिकाणी ही फुलं गौरीला वाहतात. तमिळनाडूचं राज्यफूल आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूलही हेच.

साहजिकच अनेकांना ती आपल्या बागेत हवी असते. पण ही वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे.

विष नेमकं कोणतं?

कळलावीत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशींचं विभाजन थांबवतं. गाऊट म्हणजे वातरक्तावर डॉक्टर याच कोल्चिसिनच्या गोळ्या देतात, आणि औषधासाठी लागणाऱ्या बियांकरता तमिळनाडूत कळलावीची चक्क शेती होते. मात्र औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर फार कमी आहे. घरी काढा किंवा लेप करून बघण्याची ही वनस्पती नाही.

धोका कधी असतो?

फुललेली कळलावी सहज ओळखू येते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पाऊस सरला की वेल पिवळी पडून वाळते आणि काही महिने जमिनीवर तिचा मागमूसही राहत नाही. खाली कंद मात्र जिवंत असतो. विष सगळ्यात जास्त असतं ते याच कंदात आणि बियांत.

नांगराच्या फाळासारख्या आकारामुळे संस्कृतात तिला लांगली म्हणतात. पण माती लागलेला तुकडा हातात आला तर तो रताळं किंवा एखादा रानकंद वाटू शकतो. असा कंद चुकून शिजवून खाल्ल्यामुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी भारत आणि श्रीलंकेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही.

खाल्ल्यावर काही तासांत तोंडात-घशात जळजळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. बाहेरचं काहीतरी बाधलं असेल, असं वाटून घरचे थांबतात. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, हृदय आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांच्यावर परिणाम होऊ शकतो. यावर सहज मिळणारा खास उतारा नाही. म्हणूनच सुरुवातीचे तास महत्त्वाचे असतात.

तरीही लावायची असेल तर?

- जमिनीत लावण्यापेक्षा मोठ्या कुंडीत लावा. कुंडीवर ‘कळलावी, विषारी’ अशी पाटी ठेवा आणि वेल वाळल्यावरही ती काढू नका.
- कंद मे-जूनमध्ये, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत आडवा लावा. ऊन आणि चढायला आधार द्या. पानांची टोकंच तणाव्यासारखी आधाराला गुंडाळतात.
- कंद हाताळताना रबरी हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.
- काढलेले कंद कधीही कांदे-बटाट्यांजवळ ठेवू नका. वेल वाळल्यावर कंद कुंडीतच राहू दिला आणि पाणी बंद केलं तर तो साठवण्याची गरजच उरत नाही.
- बी नको असेल तर शेंगा हिरव्या असतानाच खुडून टाका.
- माळीकाका, घरकामाच्या मावशी, पाहुणे, सगळ्यांना सांगून ठेवा. घरात लहान मूल किंवा माती उकरणारा कुत्रा असेल, तर ही वेल न लावलेलीच बरी.

कुणी खाल्लं तर?

त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. वेलीचा किंवा कंदाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांना ‘कोल्चिसिन’ हे नाव सांगा.

आणि भांडणांचं काय?

कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात, अशी समजूत अनेक गावांत आहे. काही जण तिच्या नावाचा संबंध बाळंतपणाच्या कळांशी जोडतात. भांडणाच्या समजुतीला काही आधार नाही. पण त्या भीतीने कित्येक घरांनी ही वेल अंगणाबाहेर ठेवली. आता ती हौसेने आत येत असेल, तर तिच्याबरोबर पूर्ण माहितीही घरात यायला हवी.