सामूहिक दोषारोप

एका किंवा काही व्यक्तींनी केलेल्या कृत्याचा दोष त्यांच्या जातीच्या, धर्माच्या अथवा भाषेच्या सर्व लोकांवर ठेवण्याच्या प्रवृत्तीस सामूहिक दोषारोप म्हणतात. ‘ते सगळे तसेच’ हा समज तिच्या मुळाशी असतो. असा समज बहुतेक समाजांत आढळतो. तथापि केवळ त्यामुळे हिंसा घडत नाही. अफवा, पुढाऱ्यांची चिथावणी आणि शिक्षा होणार नाही ही खात्री यांची जोड मिळाली, की आपण सूड नव्हे तर न्याय करीत आहोत, असे जमावास वाटू लागते. समोरच्या माणसाने काय केले, हा प्रश्न मग उरतच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहाच्या पायऱ्या सांगितल्या. त्यांतील पहिली पायरी नुसत्या निंदेची आहे.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण १९४८ चे. ३० जानेवारी रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी नथुराम गोडसे ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. व्यंकटेश माडगूळकरांच्या वावटळ या कादंबरीचा हाच विषय आहे. वस्तुतः खटल्यातील आरोपींत मदनलाल पाहवा हा पंजाबी निर्वासितही होता.

मुंबईच्या उपनगरांत हीच प्रक्रिया १९९२-९३ च्या दंगलींत दिसली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आल्यानंतर शहरात दंगली उसळल्या. ७-८ जानेवारी १९९३ च्या रात्री जोगेश्वरीतील राधाबाई चाळीत एका खोलीस बाहेरून कडी घालून आग लावण्यात आली व सहा हिंदू मृत्युमुखी पडले. अयोध्येतील घटनेचे प्रायश्चित्त त्यांना भोगावे लागले. या जळिताची वार्ता शहरभर पसरली, ती मात्र ‘मुसलमानांचे कृत्य’ म्हणून. आणि त्या चाळीचे नावही न ऐकलेली मुसलमान कुटुंबे दूरच्या वस्त्यांत सूडाचे लक्ष्य झाली. विशेष न्यायालयाने या प्रकरणी दोषी ठरविलेल्यांची सर्वोच्च न्यायालयाने पुढे पुराव्याअभावी मुक्तता केली.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ मधील अहवालानुसार दोन्ही महिन्यांत मिळून ९०० माणसे दगावली. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. आयोगाने ठपका ठेवला तो कोणत्याही समाजावर नव्हे, तर शिवसेनेच्या नेतृत्वावर, वृत्तपत्रांतील चिथावणीखोर लेखनावर आणि नावानिशी ३१ पोलिसांवर.