निवृत्तीनंतरही न थांबलेली सेवा : परिचारिका मॉड कॅलन

जैन दर्शनात तपाचे बाह्य आणि अंतरंग असे दोन प्रकार सांगितले आहेत. उपवास, रसत्याग यांसारखी बाह्य तपे आपल्या घराघरांत परिचयाची आहेत. पर्युषण पर्वात तर लहान मुलेही त्यांत हौसेने सहभागी होतात. मात्र अंतरंग तपाच्या सहा भेदांत उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात ‘वैयावृत्त्य’ या तपाचीही गणना केली आहे, याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. वैयावृत्त्य म्हणजे सेवाशुश्रूषा. ज्यांची सेवा करावी अशा दहा जणांमध्ये आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्याबरोबर ‘ग्लान’ म्हणजे रोगपीडित यांचाही समावेश आहे. हे विवेचन प्रामुख्याने साधुसंघाला अनुलक्षून असले, तरी त्यामागील भाव श्रावकालाही तितकाच लागू आहे.

तप म्हटले की त्यात सातत्य आले, कष्ट आले आणि स्वतःच्या सुखाचा संकोच आला. सेवा या अर्थाने तप कशी होते, हे पाहायचे असेल तर आपल्या परंपरेबाहेरच्या, अमेरिकेतील एका खेड्यात आयुष्य वेचलेल्या परिचारिकेचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे. त्यांचे नाव मॉड कॅलन.

मॉड यांचा जन्म १८९८ साली फ्लोरिडा राज्यातील क्विन्सी या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. टॅलाहॅसी येथे डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवले. १९२२ मध्ये पदवी घेऊन आणि त्यानंतर परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून १९२३ साली त्या पतीसह दक्षिण कॅरोलायना राज्यातील पाइनव्हिल या लहानशा वस्तीत आल्या. एपिस्कोपल चर्चच्या सेवाकार्यासाठी त्यांची तेथे नेमणूक झाली होती. पुढील जवळजवळ सात दशके हेच गाव त्यांची कर्मभूमी ठरले.

तो काळ कृष्णवर्णीयांसाठी अत्यंत कठीण होता. शाळा, रेल्वेचे डबे, रुग्णालये सर्वत्र वर्णभेद पाळला जात असे आणि त्याला कायद्याचे पाठबळ होते. पाइनव्हिलच्या परिसरात पक्के रस्ते नव्हते, बहुतेक घरांत वीज नव्हती आणि डॉक्टर दुर्मीळ होते. बाळंतपणे गावातील सुईणींच्या हातून होत. त्या सुईणी अनुभवी होत्या, मायाळू होत्या. परंतु निर्जंतुकीकरणाचे शास्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. त्याची किंमत बाळंतिणींना आणि नवजात अर्भकांना मोजावी लागे.

मॉड यांनी स्वतः शेकडो बाळंतपणे केली. चिखलात मोटार पुढे जाईना, तेव्हा पिशवी हाती घेऊन त्या रानातून पायी चालत. मात्र त्यांची दूरदृष्टी दिसते ती दुसऱ्या कामात. एक परिचारिका किती घरी पोहोचणार, हे त्यांनी ओळखले. सुईणींना हिणवण्याऐवजी किंवा दूर सारण्याऐवजी त्यांनी त्यांना एकत्र बसवून शिकवले. हात कसे धुवावेत, साधने कशी उकळावीत, नाळ कशी कापावी, मूल जन्मताच त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब का घालावेत, कोणती लक्षणे दिसताच डॉक्टरांना बोलवावे, हे सारे त्या पुन्हा पुन्हा समजावून सांगत. आपल्या चतुर्विध दानाच्या भाषेत सांगायचे तर औषधदानाला त्यांनी ज्ञानदानाची जोड दिली. पुढे आपल्या महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांनाच नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण देऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. देश वेगळा, काळ वेगळा. पण तत्त्व एकच.

१९३६ पासून मॉड जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात काम करू लागल्या. त्यांचे कार्य जगासमोर आले ते १९५१ साली. प्रख्यात छायाचित्रकार यूजीन स्मिथ अनेक आठवडे त्यांच्यामागोमाग हिंडले आणि ३ डिसेंबर १९५१ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांच्यावरील सचित्र लेख प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही विचार करायला लावतात. कार्यक्षेत्र सुमारे ४०० चौरस मैल. वर्षाकाठी मोटारीचा प्रवास ३६,००० मैल, म्हणजे दररोज सरासरी जवळजवळ १०० मैल. कामाचा दिवस अनेकदा १६ तासांचा. आणि वेतन महिना २२५ डॉलर. मोटार मात्र स्वतःच्या पैशाने घ्यायची आणि ती दीड वर्षातच झिजून जाई.

त्यांचे एक स्वप्न होते, गावात एक सुसज्ज दवाखाना असावा. त्यासाठी अंदाजे ७,००० डॉलर लागणार होते. ही रक्कम त्यांच्या ३१ महिन्यांच्या संपूर्ण वेतनाइतकी होती, त्यामुळे ते स्वप्न पुरे होण्याची त्यांना फारशी आशा नव्हती. परंतु लेख प्रसिद्ध झाला आणि देशभरातून अनोळखी वाचकांची पत्रे येऊ लागली. पत्रांसोबत लहानमोठ्या देणग्या होत्या. पाहता पाहता २०,००० डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि १९५३ साली पाइनव्हिलमध्ये दवाखाना उभा राहिला. त्याला मॉड यांचेच नाव देण्यात आले. प्रसिद्धी आणि पैसा दोन्ही दाराशी आले असताना त्यांनी ना गाव सोडले, ना राहणी बदलली. तेथेच त्या १९७१ पर्यंत, म्हणजे निवृत्तीपर्यंत, काम करत राहिल्या.

निवृत्तीच्या वेळी मॉड यांनी सत्तरी ओलांडली होती. विश्रांतीचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण गावात आपल्यासारखीच म्हातारी झालेली, एकटी पडलेली माणसे त्यांना दिसत होती. ज्यांची मुले शहरांत गेली, ज्यांना स्वतः रांधून खाणे जमत नाही, अशांचे काय? त्यांनी प्रशासनाकडे पाठपुरावा केला आणि १९८० मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी भोजनाची सोय सुरू झाली. त्याची जबाबदारी त्यांनी विनावेतन स्वीकारली. आठवड्याचे पाच दिवस स्वयंपाक करणे, डबे घरोघरी पोहोचवणे, कुणाला मोटारीतून नेणे-आणणे, हे सारे त्या वयाच्या ऐंशीनंतरही करत होत्या. औषधदानाचा आणि ज्ञानदानाचा मार्ग शेवटी आहारदानापर्यंत येऊन पोहोचला.

याच काळात राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याकडून व्हाइट हाउसला येण्याचे निमंत्रण आले. मॉड यांनी ते नाकारले. कारण साधे होते : असे अचानक बोलावले म्हणून कामाचा दिवस सोडून कसे जायचे? १९८४ मध्ये सहा दशकांच्या सेवेबद्दल त्यांना राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. १९९० साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली.

हे चरित्र आपल्या समाजाला एक प्रश्न विचारते. दान देण्यात आपला समाज कधी मागे नाही. धर्मशाळा, दवाखाने, वसतिगृहे, पांजरपोळ यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देतात. पण दवाखाना बांधल्यावर तेथे रोज दोन तास बसणार कोण? भोजनशाळेतून एकट्या आजीचा डबा तिच्या घरापर्यंत नेणार कोण? पाइनव्हिलच्या दवाखान्यासाठी जमलेले २०,००० डॉलर वाचकांनी दिले होते. परंतु त्या पैशाला सत्पात्र लाभले, कारण एक स्त्री त्याआधी २८ वर्षे त्याच चिखलातून चालत होती.

आज आपल्या समाजात साठी ओलांडलेली, प्रकृतीने धडधाकट आणि निवृत्तिवेतनाने निश्चिंत अशी कितीतरी माणसे आहेत. त्यांच्याजवळ अनुभव आहे आणि वेळही आहे. उपवासाचे पच्चक्खाण जसे आपण श्रद्धेने घेतो, तसाच आठवड्यातील एक दिवस ग्लानांच्या सेवेचा नियमही घेता येईल. त्याला देणगीची पावती लागत नाही आणि पाटीही लागत नाही. अंतरंग तपाचे स्वरूपच तसे आहे. ते बाहेरून दिसत नाही, पण ज्याच्या उशाशी आपण जाऊन बसतो त्याला ते निश्चित कळते.